पलीकडचीचा हात

आर्डेना टेसे वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, काय बाई तरी ही! तिच्या हातचं ओकच्या फळांचं कालवण खाऊन आमच्या सिबेक्यू गावातली निम्मी पोरं मोठी झाली. कुणाच्या घरी दुखणं असलं की पहिला डबा हिचा पोचायचा. फक्त एका माणसाचं बरं झालेलं तिला बघवत नसे, आणि ते माणूस नेमकं ओढ्याच्या पलीकडं राहायचं.

त्या बाईचं नाव मी घेणार नाही. का, ते पुढं कळेल. आर्डेनाही घेत नसे, पण तिचं कारण वेगळं होतं. ते नाव जिभेवर आलं की तोंड कडू होतं म्हणायची. म्हणून ‘पलीकडची’. पलीकडचीनं नवा पडदा लावला. पलीकडचीकडं दोन गाड्या थांबल्या होत्या. पलीकडचीचा कुत्रासुद्धा चढेल. मीही तिला पलीकडचीच म्हणते.

दोघी टोपल्या विणायच्या. आमची पाठीवर घ्यायची उभी टोपली. वाळुंजाच्या फोकांची, मधे वाघनखीच्या शेंगांच्या सालीचे काळे पट्टे, खाली हरणाच्या कातड्याच्या झालरी आणि प्रत्येक झालरीच्या टोकाला पत्र्याचा छोटा शंकू. बाई चालली की शंकू शंकूवर आपटतो आणि टोपली वाजते. आधीच्या बायका त्यातून सरपण आणायच्या, मका आणायच्या. आता सरपण पिकअपमधून येतं, टोपली लागते ती उगवतीच्या नाचाला. मुलगी वयात आली की चार दिवस नाच, आणि तिसऱ्या दिवशी गाणारा म्हातारा तिच्या डोक्यावर टोपलीभर मका, गोळ्या-चॉकलेटं आणि चिल्लर ओततो. त्या टोपलीकडं सगळ्या खोऱ्याचे डोळे लागलेले असतात.

तर आर्डेनाची टोपली चांगली असायची. घट्ट, सरळ, एक चोय, म्हणजे चिरलेल्या फोकाची पट्टी, इकडची तिकडं नाही. पण ती खडखडायची. पलीकडचीची वाजायची. पत्रा एकाच दुकानातल्या तपकिरीच्या डब्यांचा, कातडं एकाच माणसानं कमावलेलं, तरी फरक. पलीकडचीची टोपली घेऊन कुणी दुकानामागून गेलं तरी आत बसलेली माणसं मान वर करून म्हणायची, ‘तिचीच ही.’ आर्डेनाची टोपली ऐकून कुणी कधी मान वर केली नाही.

हे दुखणं लहानपणचं. दोघींना विणायला शिकवलं ते आर्डेनाच्या आईनं. पलीकडची कुळानं यांची कोणी नव्हती. शेजारची पोर, आई लवकर गेलेली, मावश्यांकडं फिरून फिरून वाढलेली. आर्डेनाच्या आईनं तिला बोलावून सावलीच्या मांडवाखाली बसवलं आणि आपल्या लेकीशेजारी तिच्याही हातात फोक दिले. इथवर ठीक. पण म्हातारीला एक खोड. लेकीची वीण बघायची, ‘हं’ म्हणायची, आणि मग म्हणायची, ‘तिचा हात बघ.’

तिचा हात बघ! आर्डेनाला नवरा मिळाला, पोरं झाली, केस पांढरे झाले, आई मातीत गेली, तरी ते तीन शब्द कानातून गेले नाहीत. विणायला बसली की आधी ते शब्द यायचे आणि मग ओढ्यापलीकडून तो मेला किणकिणाट.

एका गोष्टीत मात्र पलीकडची मागं होती. दातात. तुम्हाला वाटेल, दातांचं काय एवढं? फोक चिरायचा तो दातानं. टोकाला नखानं तीन भाग करायचे, एक दातांत धरायचा, उरलेले दोन्ही दोन हातांत, आणि सारख्या जोरानं ओढत न्यायचं. जोर कमीजास्त झाला की चोय मधेच तुटते. आर्डेनाचे दात म्हणजे घोडीचे दात. चरचर चरचर फोक चिरायची आणि चोया अशा निघायच्या की रंधा मारल्यागत. पलीकडचीचे दात तरुणपणापासून किडके. आर्डेना हसायची ती तोंड भरून, आणि पलीकडची समोर असली की जरा जास्तच.

हे सगळं असंच चाललं असतं. पण आर्डेनाच्या नातीचा नाच ठरला.

नात म्हणजे मार्लेटा, थोरली लेक ज्युवेलची मुलगी. नाच पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. आमच्याकडं तयारी इतकी आधी सुरू होते, कारण लाकूड, गोमांस, भाकऱ्यांचं पीठ, कॉफी, शिवाय मुलीच्या धर्ममातेकडच्या सगळ्या गोतावळ्याला चार दिवस जेवू घालायचं म्हणजे खेळ नाही. संध्याकाळी जेवताना याचंच बोलणं चाललं होतं. आर्डेना निखाऱ्यावरची भाकरी उलटत होती. मार्लेटानं कालवणात भाकरी बुडवली आणि अगदी सहज म्हणाली, ‘आजी, टोपली पलीकडच्या आजीची घेऊ या का? तिची काय मस्त वाजते!’

ज्युवेलनं पोरीला कोपरानं ढोसलं. उशीर झाला होता.

‘वाजते?’ आर्डेना म्हणाली. ‘घंटा पण वाजते. बांध गळ्यात आणि नाच.’

‘आजी, मी नुसतं...’

‘माझ्या आईच्या मांडवात बसून शिकलेली ती! माझ्या आईचा पत्रा, माझ्या आईचे फोक! आणि माझ्या नातीच्या डोक्यावर तिची टोपली ओतायची? खोरं माझ्या तोंडात शेण घालील!’

‘आई, भाकरी,’ ज्युवेल म्हणाली. भाकरीचा कोळसा झाला होता.

त्या रात्री आर्डेनानं मनाशी ठरवलं. नाचात टोपली माझीच येणार, आणि अशी येणार की पलीकडचीनं ऐकून मान खाली घालावी. आयुष्यात पुन्हा अशी संधी नव्हती. नात एकच, नाच एकदाच.

ओढ्याच्या वळणावर वाळुंजाचं बेट आहे. मधे एक लाल धोंडा. धोंड्याच्या वरचं अंग आर्डेनाचं, खालचं पलीकडचीचं. तसा कागद नव्हता कुठं, पण आर्डेनाची आई गेल्यापासून तसंच चालत आलेलं. पानं झडली की दोघी येऊन आपापल्या अंगाला कापायच्या, एकमेकींकडं पाठ करून. वाळुंज कापावं लागतं. कापलं की बुंध्यातून पुढच्या वर्षी सरळ, लांब, बिनगाठीचे फोक येतात. सोडलं की फांद्या फुटतात, गाठी धरतात आणि ते चुलीत घालायच्या लायकीचं उरतं.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला आर्डेना बेटात गेली तर पलीकडची आधीच आलेली. काखेत फोकांची पेंढी. फोक नेहमीसारखेच, बरं का. पण आर्डेनाला ते आपल्यापेक्षा वीतभर लांब दिसले.

‘हे बेट माझ्या आईनं राखलेलं आहे,’ आर्डेनानं सरळ तोंड उघडलं. ‘या वर्षी मला सगळं लागणार. तू इथं पाऊल टाकायचं नाहीस.’

पलीकडचीनं तिच्याकडं पाहिलं. ‘बरं,’ म्हणाली.

‘बरं म्हणजे?’

‘बरं म्हणजे बरं. येत नाही.’

आर्डेना भांडायच्या तयारीनं आली होती. रस्ताभर एकेक वाक्य घासून आणलं होतं. आता त्या वाक्यांचं करायचं काय?

पलीकडचीनं काखेतली पेंढी धोंड्यावर ठेवली. ‘नातीच्या टोपलीसाठी ना? कर. चांगली कर.’ आणि ओढा ओलांडून निघून गेली.

कर म्हणे! ही कोण परवानगी देणारी? आर्डेनानं ती पेंढी घेतली नाही. तिथंच वाळत पडू दिली.

आता पुढचं ऐका. त्या हिवाळ्यात आर्डेनानं आपलं वरचं अंग कापलं. खालच्या अंगाला ती गेलीच नाही. गुडघे दुखत होते, हे एक. दुसरं म्हणजे, तिनं राखलेल्या बुंध्यांना मी का हात लावू? आणि तिसरं, स्वतःची समजूत घालायला, की उभ्या फोकांना जाड काठी लागते, राहू दे एक वर्ष, जाड होतील. जन्मभर विणणाऱ्या बाईला हे कळू नये? कळत होतं हो. पण पोटात जळत असलं की डोक्यात धूर होतो.

आणि एक गोष्ट तिला खरंच माहीत नव्हती. बेटाच्या खालच्या टोकाला गुरं शिरायची वाट आहे. पलीकडची दर वसंतात तिथं काटेरी झुडपं ओढून आणून कुंपण घालायची. कधी बोलली नाही, कुणी विचारलंही नाही. त्या वर्षी ती आली नाही, कुंपण पडलं नाही, आणि उन्हाळ्यात गुरं आत. कोवळे फुटवे गुरांना खाऊसारखे. खालचं अंग तुडवून ती वरच्या अंगात आली आणि आर्डेनानं कापलेल्या बुंध्यांचे शेंडे सफाचट केले. शेंडा खुडला की फोक फाटे फोडतो.

उन्हाळाभर आर्डेना तिकडं फिरकली नाही. ओकची फळं वेचणं, मका, धाकट्या लेकीचं बाळंतपण. शरदात पानं पिवळी पडल्यावर गेली आणि धोंड्यापाशी उभीच राहिली. वर फाटे, खाली गाठी, सगळीकडं शेण. एक सरळ फोक दिसेना.

तरी तिनं हार मानली नाही. जे मिळालं ते कापून आणलं. चिरायला बसली. गाठीपाशी चोय तुटायची, दुसऱ्या फोकाची दुसऱ्या गाठीपाशी. तुटक्या चोयांचा ढीग झाला.

‘आई, दुसऱ्या ओढ्याला जाऊ,’ ज्युवेल म्हणाली.

गेल्या. एकीकडं परक्याचं रान, दुसरीकडं आधीच कुणी कापलेलं, तिसरीकडं पुरानं वाहून गेलेलं. हिवाळा सरत आला. नाच उन्हाळ्यात. टोपलीचा तळसुद्धा झाला नव्हता.

‘पलीकडच्या मावशीकडं फोक आहेत,’ ज्युवेल एका सकाळी चुलीकडं बघत म्हणाली. ‘मी पाहिले. मांडवाला पेंढ्या टांगल्यात.’

‘कुठून आणले चोरटीनं?’

‘चोरटी कशानं? तूच तिला हाकललंस. जा आणि माग.’

‘मी? जीव गेला तरी जायची नाही.’

दुसऱ्या सकाळी ओकच्या पिठाचा डबा घेऊन ती ओढा ओलांडत होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पाय मात्र असतात.

पलीकडची मांडवाखाली खोक्यावर बसली होती. समोर पेंढ्या. सोललेले, सरळ, पांढरे, एक गाठ नाही. 

‘बैस,’ पलीकडची म्हणाली. तिचा आवाज बदललेला. शब्द मऊ, भिजलेले.

‘कुठून आणलेस?’ कशी आहेस नाही, काही नाही.

‘डोंगरापलीकडून. जावयाच्या गाडीतून.’

आर्डेनाला तेवढ्यात हसू आलं. सासू-जावयानं एकमेकांचं तोंड बघायचं नाही, ही आमची रीत. ‘कशी गेलीस त्याच्याबरोबर?’

‘मागच्या हौद्यात बसले. पाठ करून, डोक्यावर चादर घेऊन. थंडीनं मरत होते. त्याला ओरडून सांगता येईना की हळू चालव.’ ती हसली आणि आर्डेनाला तेव्हा दिसलं. वरच्या हिरडीला एकही दात नाही. खाली दोन, तेही हलते.

‘तुझे दात!’

‘काढले. नवे दिलेत दवाखान्यात. चिरायला बसले की फोकाबरोबर तेच बाहेर येतात. एकदा कुत्रा घेऊन पळाला.’

‘म्हणजे तू विणत नाहीस?’

‘वर्ष झालं. फोक आणते, सोलते, टांगून ठेवते. सवय आहे ना. चिरणार कोण?’

खरं सांगायचं तर आर्डेनाच्या पोटात गार वाटलं. वर्षभर खोऱ्यात पलीकडचीची एकही नवी टोपली वाजली नव्हती आणि हिच्या लक्षात आलं नव्हतं, कारण हिच्या कानात ती रोज वाजत होती. संपली पलीकडची. बसली दात गमावून. एवढा आनंद तिला मुलाच्या लग्नात झाला नसेल. आणि तो आनंद चुलीवरच्या दुधासारखा खाली बसायच्या आत तिची नजर पुन्हा त्या पेंढ्यांवर गेली. दात नाहीत, तरी फोक असे! थंडीत मरत जाऊन आणलेले, आणि काय उपयोग?

‘मला दे,’ ती म्हणाली. ‘पीठ आणलंय.’

‘पीठ ठेव. फोक घे. पण इथं बसून चिर.’

‘का? पळवून नेईन?’

‘मला आवाज ऐकायचाय,’ पलीकडची म्हणाली. ‘तुझ्या चिरण्याचा. तसं कुणी चिरत नाही.’

आर्डेनाला वाटलं, टोमणा आहे. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. टोमणा नव्हता. उभ्या आयुष्यात त्या बाईनं तिच्याबद्दल पहिला चांगला शब्द काढला होता. की आर्डेनानं पहिल्यांदा ऐकला होता, कुणास ठाऊक. ती बसली, फोक दातांत धरला आणि ओढला. चर्र.

मग ती रोज जाऊ लागली. घरी सांगायची, फोक चिरायला जाते. पण तळ तिथंच बांधला, उभे फोक तिथंच उभे केले. आधी एकटी विणायची. पलीकडची नुसती बघायची, कॉफी करायची. मग एक दिवस पलीकडचीनं हात पुढं केला. ‘दे जरा. हात वळवळतात.’

द्यावं की न द्यावं? नातीची टोपली. तिला हात लावू द्यायचा? पण फोक तिचे. आर्डेनानं टोपली सरकवली. आणि झालं, पुन्हा तेच. ती बोटं! फोकांमधून चोय जायची ती जणू फोकांनीच वाट दिल्यासारखी. आर्डेना बघत राहिली. पासष्टी उलटलेली बाई, आणि मांडवाखालची पोर होऊन बघत राहिली. तिचा हात बघ.

‘तू मेलीस तर बरं होईल,’ ती म्हणाली. अगदी असंच. आमच्या बायका थट्टेत काहीही बोलतात, पण ही थट्टा नव्हती पुरती.

‘थांब, काठ होऊ दे,’ पलीकडची म्हणाली.

काळे पट्टे झाले, काठ झाला, झालरी झाल्या. राहिले शंकू. आर्डेनानं पत्रा कापला, गुंडाळला, झालरींच्या टोकांना दाबून बसवू लागली. पलीकडचीनं तिचा हात धरला.

‘सगळ्या झालरी सारख्या का कापल्यास?’

‘मग? वाकड्यातिकड्या कापू?’

‘एक लांब, एक आखूड. एकीचा शंकू दुसरीच्या पोटावर आपटला पाहिजे. तोंडावर तोंड आपटलं की खडखड.’

आर्डेनाच्या हातातला शंकू तसाच राहिला. एवढंच? जन्मभर एवढंच होतं?

‘हे तुला कुणी सांगितलं?’

‘तुझ्या आईनं.’

‘बघ! बघ! मला नाही सांगितलं! पोटच्या पोरीला नाही सांगितलं आणि...’

‘सांगितलं होतं,’ पलीकडची म्हणाली. ‘दोघींना एकदमच सांगितलं, याच दिवसांत. मला चांगलं आठवतं. तू ऐकत नव्हतीस. तू माझ्या हाताकडं बघत होतीस.’

आर्डेनानं कात्री घेतली आणि एकाआड एक झालर आखूड करायला लागली. पलीकडची झालरी मोजत नव्हती, बघतही नव्हती. मग म्हणाली, ‘सांजेला मला टोपली देऊन घरी धाडायची म्हातारी. तू तिच्याजवळ झोपायचीस. रस्ताभर मी तुला शिव्या घालायचे.’

‘कुठल्या?’

तिनं सांगितल्या. इथं सांगण्यासारख्या नाहीत. आर्डेना इतकी हसली की तिला ठसका लागला.

नाच झाला. काय सांगू, दृष्ट लागेल असा झाला. मार्लेटा पिवळ्या कातड्याच्या पोशाखात, केसात गरुडाचं पीस, कपाळावर शिंपला, उन्हात तास न् तास नाचली आणि डगमगली नाही. तिसऱ्या दिवशी गाणाऱ्या म्हाताऱ्यानं टोपली उचलली. नुसती उचलली तर अशी वाजली की ढोलवाले क्षणभर थबकले. मका, गोळ्या, चिल्लर तिच्या डोक्यावरून खाली आली आणि पोरं तुटून पडली.

आर्डेनाशेजारी सावलीत बसलेली एक म्हातारी मान डोलवत म्हणाली, ‘ही पलीकडचीची. आवाजावरून कळतंय. दात नसताना कशी केली गं?’

आर्डेनाचा चेहरा लाल झाला. फोक मी चिरले. तळ माझा. पोट माझं. तोंड उघडणार, तोच मागून मऊ, भिजका आवाज आला.

‘माझी कुठली? आर्डेनाची आहे. मी फोक धरून बसले होते.’

म्हातारीनं आर्डेनाकडं वळून पाहिलं. मान वर करून, डोळे मोठे करून. ‘तुझी?’

हीच ती वेळ. उभा जन्म जिच्यासाठी काढला ती. ‘दोघींची’ म्हणायला एक श्वास पुरला असता. आर्डेनानं तो घेतला नाही. ‘हो,’ म्हणाली, ‘माझी.’

आणि सुख झालं का? कुठलं! बसल्या जागी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हात तिचा चांगला, कान तिचा चांगला, आता मनसुद्धा तिचंच मोठं! एक तरी गोष्ट मेलीनं माझ्यासाठी ठेवावी की नाही? त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

मनात मात्र तिनं ठरवलं की एकदा सांगायचं. सगळ्यांसमोर सांगायचं, टोपली दोघींची म्हणून. घाई काय? पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका घरच्या मुलीचा नाच होता, दुसरी टोपली करायची ठरली होती. पानं झडली तेव्हा दोघी बेटात गेल्या, गाठीचं सगळं मुळापासून कापलं आणि खालच्या टोकाला काटेरी झुडपं ओढली. पलीकडचीला धाप लागत होती. आर्डेना म्हणाली, ‘मरतेस की काय?’ ती म्हणाली, ‘काठ होऊ दे.’

काठ झाला नाही. बर्फ पडलं त्या आठवड्यात पलीकडची गेली.

आता आमची रीत ऐका. माणूस गेलं की त्याचं जे काही, ते त्याच्याबरोबर जातं. पांघरुणं, भांडी, मांडवाला टांगलेल्या पेंढ्या, अर्धी टोपली, सगळं जाळलं. आणि नाव. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की ते माणूस वाट सोडून मागं वळतं. म्हणून मी घेतलं नाही, आणि आमच्या खोऱ्यात आता कुणी घेत नाही. ज्या नावानं आर्डेनाचं तोंड कडू व्हायचं, जे कधी कानावर पडू नये म्हणून ती तळमळायची, ते खरंच कानावर पडेनासं झालं. दुकानात नाही, नाचात नाही, चर्चमागं नाही. टोपली दोघींची होती हे सांगायचं तर दुसरी कोण, ते सांगावं लागणार. ते सांगायचं कसं?

ती एकटीच बेटात जाते. धोंड्याच्या वरचं कापते, मग धोंडा ओलांडून खालचं कापते. काटे ओढताना हात रक्ताळतात. टोपल्या करते, झालरी एक लांब एक आखूड, आणि त्या वाजतात.

परवा ती नवी टोपली विकायला दुकानात आली. मी तिथंच होते. ती दारातून आत येताना टोपली वाजली आणि आम्ही सगळ्यांनी मान वर केली. अगदी सगळ्यांनी. गल्ल्यावरची पोर म्हणाली, ‘मावशी, खरं सांगते, आता सगळ्या खोऱ्यात तुमचाच हात चांगला.’

आर्डेना थांबली.

‘कोणापेक्षा?’ ती म्हणाली.

पोरीनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. कॉफीचं मशीन गुरगुरत होतं.

‘सांग ना. कोणापेक्षा चांगला? नाव घे.’

कोण घेणार? पोरीनं मान खाली घातली. आर्डेना गल्ल्यापाशी उभी राहिली, आमच्या एकेकीच्या तोंडाकडं आशेनं बघत. मग तिनं टोपली काखेत घेतली, विकलीच नाही, आणि बाहेर गेली. ओढ्यापर्यंत आम्हाला ती वाजताना ऐकू येत होती.